खंदक खणणाऱ्यांची यादी

परवा व्हिडिओ कॉलवर धाकट्याने मला पुठ्ठ्याची ढाल दाखवली. त्याच्या शाळेत प्राचीन ग्रीसचा प्रकल्प चालू आहे आणि त्यात तो अथेन्सचा नागरिक-सैनिक झाला होता. ढाल गोल, चंदेरी कागद लावलेली, मध्ये घुबड. थोरलीने मागून माहिती पुरवली की ढाल एवढी मोठी झाली की बसमध्ये मावेना, शेवटी आईनेच ती शाळेत पोचवली. मग धाकट्याने मला पाठ केल्यासारखं सांगितलं की अथेन्समध्ये जो शहरासाठी लढायचा तोच शहराचा कारभार ठरवायचा, आणि हे अगदी न्यायाचं होतं. मी मान हलवली. गुरुग्रामच्या अठराव्या मजल्यावरून आजीला तेवढंच करता येतं. पण फोन ठेवल्यावर मला राहवेना. कारण हा न्याय मी एकदा स्वतः चालवून पाहिला आहे. अथेन्समध्ये नव्हे, सरोजिनी नगरात.

तुमची आई हे तुम्हाला वाचून दाखवील. काही शब्द तिलाही अडतील. दिल्लीत वाढलेल्या मुलांचं मराठी असंच असतं, मधले मधले दात पडलेलं. खंदक म्हणजे ट्रेंच, एवढं आधीच सांगून ठेवते.

साल एकाहत्तर. आम्ही सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, मागे कपडे वाळत घालण्यापुरतं आंगण. तुमचे आजोबा एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. आमच्या ब्लॉकच्या मधोमध एक पार्क होता आणि त्याच्या कोपऱ्यात रहिवाशांच्या असोसिएशनची एक खोली. असोसिएशनचा नियम साधा होता: दर क्वार्टरमागे एक मत.

त्या खोलीत आम्ही बायका पाळणाघर चालवत होतो. वेळापत्रक माझं. कोणी कोणत्या दिवशी बसायचं, दूध कोणाकडून, झोपेची वेळ कोणती, हे सगळं मी रेघा मारून लिहून भिंतीवर लावलं होतं. नऊ मुलं होती. त्यांत तीन वर्षांची तुमची आई होती आणि माझ्या शेजारणीचा अडीच वर्षांचा मुलगाही होता.

ही शेजारीण अमरावतीची. आदल्या वर्षी तिचा नवरा गेला आणि त्याच्या जागी तिला सरकारने टायपिस्ट म्हणून घेतलं. नोकरी होती म्हणून क्वार्टर होतं. मुलाला सांभाळायला घरात कोणी नव्हतं. पाळणाघर होतं म्हणून नोकरी होती. ते बंद पडलं तर तिच्यापुढे दोनच रस्ते होते. मुलाला अमरावतीला दिरांकडे ठेवायचं, नाहीतर नोकरी आणि क्वार्टर दोन्ही सोडून स्वतः तिथे जाऊन राहायचं. दिरांकडे जाऊन राहणं म्हणजे काय, ते ती बोलत नसे. विषय निघाला की ती उठून मुलाचं नाक पुसू लागे.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता लढाईची हवा सुरू झाली. खिडक्यांच्या काचांना काळे कागद लागले, भोंग्याच्या तालमी होऊ लागल्या, आणि आमच्या ब्लॉकने देशाच्या संरक्षणासाठी स्वतःचं रक्षक दल उभारलं. असोसिएशनचे अध्यक्ष अंडर सेक्रेटरी होते. आयुष्यभर त्यांनी फायलींवर शेरे मारले होते आणि आता त्यांना प्रथमच माणसांवर शेरे मारायची संधी मिळाली होती. दल स्थापन झालं त्या दिवशी प्रसंगाला साजेसं एखादं भाषण हवं, असं त्यांना वाटलं. मी पुण्याच्या कॉलेजात इंग्रजीतून इतिहास शिकले होते. ग्रीसचा पेपर घेतलेली बाई ब्लॉकमध्ये एकच, म्हणून भाषण माझ्याकडे आलं.

मी फार छान बोलले. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, पुढे जे झालं त्याची जबाबदारी म्हणून सांगते. मी म्हटलं की ग्रीक नगरांना पगारी फौज नव्हती. शेतकरी, कुंभार, व्यापारी, वेळ आली की तेच सैनिक. ढाल, भाला, शिरस्त्राण ज्याचं त्याने आणायचं. ओळीत उभं राहिलं की आपली ढाल आपल्यापेक्षा डावीकडच्या शेजाऱ्याला जास्त झाकते, म्हणून तिथे शेजारी हा शब्द पोकळ नव्हता. आणि जो असा ओळीत उभा राहिला त्याला नगराच्या सभेत बोलायचा हक्क मिळाला. पुढे आरमार वाढलं तेव्हा ज्यांच्याकडे ढाल घ्यायची ऐपत नव्हती ते वल्ही मारायला बसले, आणि मग सभेला त्यांचंही ऐकावं लागलं. एवढ्यात चहा आला, आणि मी थांबले. आणखी एक मुद्दा टिपणात होता, तो राहिला. त्याकडे मी येईनच.

अध्यक्षसाहेबांना भाषण इतकं आवडलं की पुढच्याच बैठकीत त्यांनी ठराव आणला. जो ब्लॉकचं रक्षण करील तोच ब्लॉकचा कारभार ठरवील. इथून पुढे दर क्वार्टरमागे मत नाही; ज्याचं नाव रक्षक दलाच्या रजिस्टरात, त्याला मत. काठी, टॉर्च आणि शिट्टी ज्याची त्याने आणायची. ठरावात 'प्राचीन ग्रीसच्या धर्तीवर' असे शब्द होते आणि माझे आभारही होते. ठराव टाळ्यांत मंजूर झाला. त्या टाळ्यांत मीही होते.

मग रविवारी सकाळी पार्कात कवायती सुरू झाल्या. खुर्चीत वाढवलेली पोटं एका रांगेत आणणं सोपं नसतं. डावा पाय कोणता याबद्दल दोन मंत्रालयांचं एकमत होत नसे. ज्यांना काठ्या मिळाल्या नाहीत त्यांनी हॉकी स्टिक आणली, एकाने टेनिसची रॅकेट आणली आणि ती खांद्यावर बंदुकीसारखी धरली. लोखंडी टोप्या नव्हत्या, म्हणून एका गृहस्थांनी बायकोचं पितळी पातेलं डोक्यावर बसतं का ते पाहिलं. बसलं. निघेना. पहारा संध्याकाळी सात ते साडेआठ. त्यानंतर का नाही, तर पावणेनऊला रेडिओवर बातम्या असत, आणि देशाचं काय चाललंय ते रक्षकांना कळायला नको? थर्मास भरून द्यायचं काम आमच्याकडे होतं.

शेजारणीने अध्यक्षांना जाऊन सांगितलं की तिच्याकडे टॉर्च आहे, काठी आहे, शिट्टी ती विकत आणील, तिचं नाव पहाऱ्यात घाला. आजवर तिच्या क्वार्टरचं एक मत होतं, ते ठरावाने गेलं होतं. अध्यक्ष अतिशय सौजन्याने म्हणाले की अंधारात लेडीजना उभं करणं योग्य दिसत नाही. आणि तिचं रक्षण करायला सगळे आहेतच, मग मताची एवढी काळजी कशाला? ती परत आली आणि मला म्हणाली, "वहिनी, तुमच्या ग्रीसने माझं मत खाल्लं हो." मी हसले. तेव्हा मला ते विनोदी वाटलं.

आठ दिवसांनी रक्षक दलाला चौकी हवीशी वाटू लागली. थंडी पडत होती आणि व्हरांड्यात उभं राहून रक्षण केलं की रक्षकांना सर्दी होते. ब्लॉकमध्ये रिकामी होण्यासारखी खोली एकच होती. पाळणाघराला नोटीस आली, टाइप केलेली, तीन प्रतींत. येत्या रविवारच्या सभेत मतदान होईल असं तिच्यात लिहिलं होतं. मत कोणाला, ते आता सगळ्यांना माहीत होतं.

दरम्यान खंदकाचा हुकूम आला होता. प्रत्येक पार्कात नागमोडी खंदक हवा, भोंगा झाला की लोकांनी त्यात उतरून बसायचं. रक्षक दलाने सलग तीन बैठका घेऊन खंदकाची लांबी, रुंदी आणि खोली ठरवली, आणि सोमवारी सकाळी सगळे ऑफिसला गेले. खंदक मागे राहिला. आम्हीही मागे राहिलो होतो.

म्हणून आम्ही खणला. साड्या खोचून, पाळ्या लावून, पाच दिवस. पाळ्यांचं वेळापत्रक अर्थात माझं. शेजारीण ऑफिसला जायच्या आधी सकाळी तासभर खणून जायची. पण खरं सांगायचं तर आम्ही माती उकरत होतो, खंदक खणत होती ती आमच्या ब्लॉकची सफाईवाली. तिच्याकडे स्वतःची कुदळ आणि फावडं होतं. कुदळ कुठे मारायची, माती कोणत्या बाजूला टाकायची, कड ढासळू नये म्हणून उतार कसा ठेवायचा, हे तिनेच शिकवलं. आम्ही घामाघूम होऊन बसलो की ती आमच्याकडे पाहून नुसती मान हलवायची आणि राहिलेला भाग पुरा करायची. तिच्याबरोबर तिची चार वर्षांची मुलगी असे. ती पाळणाघराच्या पायरीवर बसून आतली मुलं काय करतात ते पाहायची. आत का नाही, हा प्रश्न मला वेळापत्रक करताना कधी पडला नव्हता. चहा मी सगळ्यांना द्यायचे. तिचा कप वेगळा होता, व्हरांड्याच्या कठड्यावर पालथा घातलेला. तोही माझ्या व्यवस्थितपणाचाच भाग.

शुक्रवारी सकाळी अकराला सरकारी निरीक्षक खंदक पाहायला आले. ब्लॉकमध्ये त्या वेळी एकही पुरुष नव्हता. निरीक्षक खंदकात उतरले, चालून पाहिलं, खूश झाले आणि विचारलं की कोणी खणला. आम्ही म्हटलं, आम्ही. त्यांनी सांगितलं की खणणाऱ्यांची नावं लिहून द्या, अहवालाला जोडतो.

ते ऐकून माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. ही यादी म्हणजे आमची वल्ही होती. जो रक्षण करील तो कारभार ठरवील; मग हे रक्षण नव्हतं तर काय होतं? मी आत जाऊन चांगला कागद आणला, समास आखला आणि सुवाच्य अक्षरात नावं लिहू लागले. नाव, क्वार्टर नंबर, खणल्याचे तास. शेजारीण ऑफिसात होती, तिचं नाव मी आठवणीने घातलं. सफाईवाली कुदळीवर हात टेकून उभी होती. तिने विचारलं, "बीबीजी, मेरा भी लिखा?"

मी म्हटलं, "हां हां."

लिहिलं नव्हतं. का नाही? तुम्हाला सांगायला सोपं जावं म्हणून पुष्कळ कारणं मी पुढे जमवली. तिला क्वार्टर नंबर नव्हता, म्हणजे तो रकाना मोकळा राहिला असता. आमच्या नावांखाली तिचं नाव शोभत नाही असं ब्लॉकमध्ये कोणी म्हणालं असतं. ती पगारी, आम्ही स्वयंसेवक. यांतलं एकही कारण त्या क्षणी माझ्या मनात नव्हतं. मनात काहीच नव्हतं. पेन तिच्या नावाशी थांबलंच नाही. निरीक्षकांनी खाली सही केली, शिक्का मारला, आणि एक प्रत मला दिली.

रविवारची सभा पार्कातच भरली, खंदकाच्या कडेला. अध्यक्षांनी चौकीचं महत्त्व सांगितलं. मग मी उठले, ठराव वाचला आणि शिक्क्याची यादी पुढे ठेवली. अध्यक्ष दुष्ट नव्हते. ते फायलींचे माणूस होते आणि शिक्का असलेल्या कागदाला नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी यादी दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि निर्णय दिला की या यादीत ज्यांची नावं आहेत त्यांनाही आज मत. पुरुषांत थोडी कुजबुज झाली. पातेलंवाले गृहस्थ म्हणाले की मग थर्मास कोण भरणार. त्यावर त्यांची बायको म्हणाली की पातेल्यात चहा न्या, सवय आहे तुम्हाला. आम्ही जिंकलोच असं मला वाटलं.

हात मोजले. चौकीच्या बाजूने एकवीस. पाळणाघराच्या बाजूने आमच्यातल्या सगळ्या उठतील असा माझा हिशोब होता, पण तिघींनी नवऱ्यांकडे पाहिलं आणि हात पदरातच ठेवले. तुमच्या आजोबांचा हात आमच्या बाजूने वर गेला, जरा सावकाश, पण गेला. एकवीस झाले. मग मागून आणखी एक हात वर आला. सफाईवाली कडुलिंबाखाली उभी होती, मुलगी पायाशी. हात पूर्ण वर होता, सरळ.

अध्यक्षांनी विचारलं, हिचं नाव यादीत आहे का. आणि यादी वरून खाली बोट फिरवत वाचली. मग खालून वर. त्यांना खरोखरच नाव सापडावंसं वाटत होतं, अशी मला शंका आहे. ते म्हणाले, "मॅडम, नाम तो नहीं है."

मी उठून सांगितलं की चुकून राहिलं, खंदक मुख्यतः तिनेच खणला आहे, कोणालाही विचारा. अध्यक्ष म्हणाले की यादी तुमच्याच अक्षरात आहे, आणि आता सहीशिक्क्यानंतर तीत भर कशी घालणार. मी म्हटलं, नियमाचा अर्थ पाहा, जो रक्षण करील तो. तेव्हा त्यांनी चष्मा काढला. त्यांच्या आवाजात उपहास नव्हता. ते शिष्य गुरूला विचारतो तसं विचारत होते. "मॅडम, आपके ग्रीस में ऐसे लोगों का वोट था?"

आता तो राहिलेला मुद्दा. ग्रीक सैनिकाची ढाल फार जड असे. रणांगणापर्यंत ती तो स्वतः नेत नसे. त्याच्या मागून त्याचा गुलाम ती वाहून आणी, भाकरी आणि पाणीही आणी, आणि लढाई संपली की ती परत वाहून नेई. त्याला मत नव्हतं. त्याचं नावही कोणी लिहून ठेवलं नाही. बायकांनाही मत नव्हतं, पण बायकांबद्दल मी भाषणात एक वाक्य बोलले होते. याच्याबद्दल बोलायच्या आत चहा आला.

सगळा ब्लॉक माझ्याकडे पाहत होता. ती पाहत होती. हो म्हटलं असतं तर खोली वाचली असती. तिथे ते पडताळून पाहणारं कोणी नव्हतं. पण इतिहासाच्या बाबतीत मी खोटं बोलत नसे. दोन दिवसांपूर्वी तिच्याशी खोटं बोलले होते, तेवढं चालत होतं.

मी म्हटलं, "नहीं था."

तिचा हात खाली आला. एकवीस-एकवीस. बरोबरीत अध्यक्षांचं जादा मत, ते चौकीला गेलं.

संध्याकाळी शेजारीण आली. मुलगा कडेवर होता. अमरावतीला पत्र टाकते म्हणाली, मुलाला न्यायला दीर येतील. मग मुलाचं नाक पुसत राहिली. शेवटी म्हणाली, "वहिनी, तिचं नाव का नाही लिहिलंत?"

मी म्हटलं, राहून गेलं.

"तुमचं काही राहून जात नाही," ती म्हणाली. "दूधवाल्याची रजासुद्धा तुम्ही लिहून ठेवता."

मी उठून पुढची खोली पाहिली. सोफा, रेडिओ, तुमच्या आजोबांचं टेबल. सोफा व्हरांड्यात गेला तर नऊ मुलं मावतील, हे मला त्या क्षणी दिसलं. ते आधीही दिसलं असतं. दोन खोल्यांच्या घरात जागा कुठे, असं मीच आठवडाभर सगळ्यांना सांगत होते. मी म्हटलं, पत्र टाकू नकोस, उद्यापासून मुलं इथे. ती लगेच हो म्हणाली नाही. तिचा मुलगा, तिचं क्वार्टर, सगळं त्या 'हो'वर टांगलेलं होतं, तरी तिने अट घातली. ती पायरीवरची पोर आत बसणार असेल तर.

दुसऱ्या दिवशी सफाईवाली नेहमीप्रमाणे आली. रागावलेली दिसली नाही, आणि त्याने मला जास्त अवघडल्यासारखं झालं. मी तिला सांगितलं की आजपासून मुलीला इथे बसव, आत. तिने झाडू बाजूला ठेवला. माझ्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या नव्या रजिस्टराकडे.

"लिखो," ती म्हणाली.

मी म्हटलं, लिहिते, आत्ता आंघोळ व्हायची आहे.

"अभी लिखो. मैं देखती हूं."

तिला वाचता येत नव्हतं, हे आम्हा दोघींना माहीत होतं. मी रजिस्टर उघडलं, पहिल्या ओळीवर तिच्या मुलीचं नाव लिहिलं, आईच्या रकान्यात तिचं. ती माझ्या खांद्यामागे उभी राहून पेन पाहत राहिली, ते थांबेपर्यंत. मग ओळीवर बोट ठेवून विचारलं, कुठून कुठपर्यंत. मी दाखवलं. तिने बोट सुरुवातीपासून शेवटपर्यंत नेलं, शाई ओली होती, थोडी फिसकटली. मग झाडू उचलून ती गेली.

लढाई पुढच्याच महिन्यात झाली आणि दोन आठवड्यांत संपली. खंदकात पाइपचं पाणी साठलं होतं, म्हणून पहिल्या भोंग्याला रक्षक दल त्यात उतरलंच नाही, चौकीत बसलं. चौकीत कॅरम आला होता. आम्ही क्वार्टर बदललं तोवर तरी तो तिथेच होता. तुमच्या आईला विचारा, तिला सोफ्याची आठवण नाही. तिला आठवतो तो ओळीत बसवलेल्या दहा मुलांचा गोंगाट.

धाकट्या, प्रकल्पाला एक पान जोड. ढाल गाडीपर्यंत कोणी नेली, शाळेच्या दारातून वर्गापर्यंत कोणी नेली, ते लिही. नाव लिही. लिहिल्यावर आईला दाखव, आणि ती ओळीवर बोट ठेवील तेव्हा शाई वाळलेली नसली तरी हात बाजूला करू नकोस.